दादाचं इंजिन काय पितं

टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर कर्णिकांचं घर होतं आणि घराच्या मागीलदारी गोठा होता. गोठ्यात गाय नव्हती. गाय विकल्यावर तिच्या जागी आनंदचं इंजिन येऊन बसलं होतं. नाना संध्याकाळी कलेक्टर कचेरीतून आले की पगडी खुंटीला अडकवता अडकवता विचारायचे, "काय, आज काय खाल्लं तुमच्या जनावराने?" आणि उत्तराची वाट न बघता पाय धुवायला जायचे.

इंजिन असं कितीसं! पाण्याच्या तांब्याएवढं. पितळेचं एक नळकांडं, त्यात मागेपुढे धावणारा दट्ट्या आणि बाजूला ताटलीएवढं जड चाक. पण ते वाफेचं नव्हतं हं! वाफेचं इंजिन काय, स्टेशनावर जाऊन कुणीही बघावं. ह्याला ना बंब, ना कोळसा. जळाऊ वायू आणि हवा मिसळून पोटात ओढायची, तिथे तापून लाल झालेल्या नळीने ती भडकायची आणि दट्ट्याला धक्का द्यायची. असा धक्क्यावर धक्का. आनंदने जुन्या इंग्रजी मासिकातला नकाशा बघून, कल्याणच्या ओतकामवाल्याकडून सुटे भाग आणून, कानशीने घासून घासून ते उभं केलं होतं. हाताची सालं निघाली होती बिचाऱ्याची.

आणि सगळं झाल्यावर कळलं की त्याला खायला घालायला ठाण्यात काही नाही!

कारण मासिकातलं इंजिन कोळशाच्या गॅसवर चालायचं. मुंबईत तो गॅस जमिनीखालच्या नळांतून येतो, त्यावर रस्त्यातले दिवे जळतात. ठाण्यात कुठला नळ आणि कुठला गॅस? इथे रस्त्यात कंदील लागले तरी पुष्कळ.

"मग आपण दुसरं काहीतरी शोधू," मंदाकिनी म्हणाली. मंदाकिनी म्हणजे आनंदची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत वरच्या इयत्तेत होती. परवा इन्स्पेक्टरसाहेबांपुढे उभं राहून तिने अख्खा धडा न अडखळता म्हटला होता, तेव्हापासून जगात आपल्याला न जमण्यासारखं काही उरलंय असं तिला वाटतच नव्हतं. गोदाआत्या म्हणायची, "मंदेचं तोंड त्या दिवशी जे उघडलं ते अजून मिटायचंय."

आनंदचं मात्र नेमकं उलटं. हातात कानस द्या, कुठे केसभर चुकायचा नाही. पण कुणी समोर बसून प्रश्न विचारला की संपलं. मान खाली, कान लाल, शब्द घशात. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा आपटला. नानांनी शेवटी सांगून टाकलं, "दसऱ्याला कल्याणचे विठ्ठलराव येणार आहेत. त्यांचा पंपांचा आणि यंत्रांचा कारखाना आहे. त्यांना दाखव तुझं इंजिन. चाललं, त्यांना पटलं, घेतलं त्यांनी तुला हाताखाली, तर माझी ना नाही. नाही चाललं तर दिवाळीपासून मीठखात्यात कारकुनी. मी शब्द टाकून ठेवलाय. आणि हे पितळ मोडीत."

मोडीत! आनंदने नळकांड्यावरून हात फिरवला, जसा पूर्वी गाईच्या पाठीवरून फिरवायचा.

मग काय काय खाऊ घातलं त्या जनावराला! आधी घासलेट. दिव्याला चालतं ते इंजिनाला का नाही चालणार? पण घासलेट थंड असताना वर उडतच नाही. इंजिनाच्या बाजूला आनंदने एक पत्र्याची डबी बसवली होती. तिच्यात कापूस भिजवून ठेवायचा आणि त्या ओल्या कापसावरून हवा आत ओढायची, म्हणजे हवेबरोबर तेलाचा अंश जातो. घासलेटाचा नुसता वास गेला. डबी तापवली तेव्हा धुराचा असा लोट निघाला की दोघांची तोंडं कोळसेवाल्यासारखी झाली. मग टर्पेंटाइन. त्यावर चार ठोके पडले आणि दट्ट्या आतल्या आत असा चिकटला की आनंदला तो सोडवायला दुपार लागली. मग मुंबईहून एका औषधवाल्याकडून बेंझोलीन मागवलं. साहेब लोकांचे हातमोजे त्याने साफ करतात. ते मात्र भलतंच तिखट निघालं! झाकण उघडलं नाही तोच दूरच्या दिव्याकडे त्याची वाफ धावली आणि भप्प! आनंदची एक भुवई गेली, वळचणीचं गवत पेटलं. गोदाआत्याने धुण्याची बादली ओतली म्हणून गोठा वाचला.

"ते पुन्हा घरात आणलंस तर मी घर सोडून जाईन," आत्या म्हणाली. आत्या नानांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. मुलांची आई गेल्यापासून घर तिनेच सांभाळलं होतं. ती कुठे जाणार नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिचा आवाज थरथरत होता, म्हणून बेंझोलीनचं नाव कुणी काढलं नाही.

"अंगावर धावून येणार नाही, पण पटकन उडेल आणि जळताना काजळी धरणार नाही, असं काहीतरी हवं," आनंद म्हणाला. "दवाखान्यात स्पिरिट असतं तसं. पण ते कोण देणार आपल्याला?"

आता ह्याचं उत्तर मंदाकिनीला सापडलं ते मागल्या दारी, मासळीच्या पाटीत.

चेंदणीच्या कोळीवाड्यातली गंगुबाई रोज मासळी घेऊन यायची. त्या दिवशी मंदाकिनीला बोंबील देता देता ती शेजारणीबद्दल सांगत होती, तिच्या नवऱ्याला दुकानदाराने पाणी घातलेली दारू कशी विकली ते. "आमचा म्हातारा असता तं दुकानातच चुलीवर वतून बगितली असती. चांगली आसंल तं निली ज्योत उठते, बाय. पानी घातलेली नुस्ती चुरचुरते."

मंदाकिनीचे डोळे लकाकले. "निळी ज्योत? आणि धूर?"

"धूर कशाला येल? पहिल्या धारेची मोहाची आसली ना, भट्टीतून सगल्यात आधी उतरते ती, तिला धूर नाय, काजल नाय."

"गंगुबाई, मला एक बाटली आणून दे ना."

गंगुबाईचा हात पाटीतच राहिला. "आगो बाय! तुला? तुजा बापूस दारूवर भाषनं करतो आनि तुला पहिल्या धारेची?"

हे मात्र खरं होतं. नाना ठाण्याच्या मद्यपाननिषेधक मंडळीचे चिटणीस. दर सणाला देवळासमोर उभे राहून ते दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान द्यायचे. त्यांच्या घरात औषधाच्या आसवालासुद्धा परवानगी नव्हती.

"माणसाला नको गं. इंजिनाला हवी."

"तं इंजिन पेतं?" गंगुबाई इतकी हसली की तिला पाटी खाली ठेवावी लागली. पण गोठ्यात येऊन तिने इंजिन बघितलं, आनंदची उडालेली भुवई बघितली आणि तिचं हसू ओसरलं. "आनते," ती म्हणाली. "पर तुज्या बापसाला कलला तं मी नाय बोलली तुला काय."

बाटली आली ती बोंबलांच्या खाली लपून. निळ्या काचेची, औषधाची. आनंदने आधी थेंबभर बशीत ओतून काडी लावली. पेटली की! निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत. मग कापूस भिजवला, नळी दिव्याने लाल केली आणि चाकाला हिसका दिला.

टप्. टप्-टप्. टपटपटपटप!

चाकाचे आरे दिसेनासे झाले. मंदाकिनी आनंदाने ओरडणार होती, पण आत्या आत होती, म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात कोंबून नाच केला. आनंद नाचला नाही. तो नुसता उकिडवा बसून चाकाकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने लगेच इंजिन बंद केलं. दारू जपून वापरायला हवी होती. दसरा उद्यावर आला होता.

गोदाआत्येपासून मात्र ते लपलं नाही. तिचं नाक म्हणजे नाक. गोठ्याच्या दारात येऊन तिने बाटली हुंगली आणि कपाळाला हात लावला. मंदाकिनीने एका दमात सगळं सांगितलं. आत्येने बाटली जिथल्या तिथे ठेवली. मग एवढंच म्हणाली, "ह्याच्यावर चालतं?"

"चालतं, आत्या. फक्त ह्याच्यावरच."

"नानाला सांगू नका," ती म्हणाली आणि आत गेली.

दसऱ्याच्या सकाळी माजघरात पूजा मांडली. नानांची लेखणी आणि पोथ्या, आत्येची विळी, आनंदच्या कानशी, हातोडा आणि मधोमध पाटावर ते इंजिन. इंजिनाशेजारी निळी बाटली, कारण आदल्या रात्रीच आनंद आत्येला हळूच म्हणाला होता, "तीही हत्यारच आहे." नानांनी विचारलं, "हे काय?" आनंद म्हणाला, "इंजिनाचं तेल." नानांनी तिच्यावरही झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि उपरणं सावरत देवळाकडे निघाले. तिथलं व्याख्यान आटपून ते परस्पर स्टेशनावर जाणार होते, विठ्ठलरावांना आणायला.

पूजा उठल्यावर आनंदने इंजिन गोठ्यात नेलं. पाहुणे यायच्या आधी एकदा चालवून बघावं म्हणून त्याने कापूस भिजवला, नळी तापवली, हिसका दिला.

काही नाही.

पुन्हा हिसका. चाक आपलं गरगरून थांबलं. नळी आणखी तापवली. दट्ट्या काढून पुसला. झडप बघितली. आनंदच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. "काल चाललं होतं," तो पुटपुटत होता. "मंदे, काल चाललं होतं ना? तूच सांग, चाललं होतं ना?"

"चाललं होतं रे दादा!" मंदाकिनी म्हणाली. मग तिला गंगुबाई आठवली. तिने बशीत थोडी दारू ओतली आणि काडी लावली. काडी चुरचुरली आणि विझली. दुसरीही विझली.

"हिच्यात पाणी आहे!" ती ओरडली. "कुणीतरी पाणी घातलंय! पण काल तर हीच बाटली..." ती तरातरा स्वयंपाकघरात शिरली. "आत्या! बाटलीला कुणी हात लावला होता?"

गोदाआत्या श्रीखंडाचं फडकं पिळत होती. तिचे हात थांबले.

"मी," ती म्हणाली. "पाणी नाही गं. गंगा घातली."

मंदाकिनीला कळेचना.

"देवापुढे ठेवायची होती ना ती," आत्या खाली बघून बोलत होती. "दारू देवापुढे कशी ठेवायची? आणि मी अशी. पूजेला पुढे होता येत नाही, पोराला कुंकू लावता येत नाही. म्हटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून शुद्ध करून द्यावं. म्हणून पहाटे घातली. थेंब थेंब कशाला, म्हटलं, चांगली भरून घालावी."

तेव्हा मंदाकिनीचं लक्ष खिडकीत गेलं. तिथे काशीहून आणलेला आत्येचा तांब्याचा गडू होता, डाक देऊन बंद केलेला. शेवटच्या घटकेला तोंडात घालायची गंगा त्यात असते आणि त्या घटकेपर्यंत तो कुणी फोडत नाही. गडूचं तोंड फोडलेलं होतं. आत काही नव्हतं.

मंदाकिनी भांडायला आली होती. इतकं काय काय बोलणार होती ती! सगळं विरून गेलं. तिने आत्येच्या कमरेला मिठीच मारली.

"चुकलं का गं माझं?" आत्येने विचारलं. "चालत नाही का ते?"

आनंद दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "पाणी मिसळलं की भडकत नाही, आत्या," तो हळू आवाजात म्हणाला. "पण असू दे. तू माझ्यासाठी केलंस."

"असू दे काय, असू दे काय!" आत्या एकदम उसळली. डोळे पुसून तिने विचारलं, "मिसळलेलं पाणी वेगळं काढलं तर?"

"कसं काढणार?"

"अरे, ओव्याचा अर्क कसा काढते मी? दारू पाण्याच्या आधी उडते ना? म्हणून तर ती गंगू पहिली धार म्हणते! मंदे, ते मोठं तपेलं काढ. कणीक भिजव घट्ट. आनंदा, चुलीतली लाकडं ओढून घे, ज्वाळ नको, नुसते निखारे ठेव."

आणि मग ठाण्याच्या मद्यपाननिषेधक मंडळीच्या चिटणिसांच्या स्वयंपाकघरात, ऐन दसऱ्याला, भट्टी लागली! तपेल्यात दारू ओतली. मधोमध तिवईवर एक रिकामा वाडगा ठेवला. वर थंड पाण्याने भरलेली, गोल बुडाची कढई बसवली आणि कडा कणकेने लिंपून टाकल्या. आतली वाफ वर जाऊन थंड कढईच्या बुडाला लागणार, तिथून थेंब थेंब वाडग्यात पडणार. कढईतलं पाणी कोमट झालं की मंदाकिनी ते काढायची आणि विहिरीचं गार ओतायची. आत्या कानाने ऐकत होती. "ऐक, टिपटिपतंय. जास्त जाळ नको. घाई केली की पाणीही वर येतं." श्रीखंड तसंच राहिलं. घरभर मोहाचा गोड, जड वास पसरला.

आत्येने कणीक सोडवली तेव्हा वाडग्यात चार-सहा घोट अर्क होता, नितळ, पाण्यासारखा. आनंदने बशीत थेंब टाकला. काडी.

निळी ज्योत!

"आत्या!" मंदाकिनी ओरडली आणि त्याच क्षणी ओटीवर नानांचा आवाज आला, "या, विठ्ठलराव, या. आमचं हे घर." आणि पाठोपाठ, "हा... हा वास कसला?"

"इंजिनाचं औषध काढतेय!" आत्येने आतून ठणकावून सांगितलं.

विठ्ठलराव बुटके, जाडजूड, मिशांना तेल लावलेले गृहस्थ होते. बूट काढून थेट गोठ्यातच आले. आनंदने अर्क पुन्हा निळ्या बाटलीत भरून आणला होता, त्यातला थोडा त्याने कापसावर ओतला. नळी लाल झाली. हिसका.

टप्. टप्-टप्. टपटपटपटपटप!

विठ्ठलराव उकिडवे बसले. चाकाजवळ कान नेला, डोळे मिटले. मग बऱ्याच वेळाने विचारलं, "काय घालता ह्यात?"

आनंदने नानांकडे बघितलं. त्याची मान खाली जाऊ लागली. कान लाल झाले. मंदाकिनीच्या जिभेवर सगळं उत्तर तयार होतं, घासलेटापासून अर्कापर्यंत, एका दमात! तिने तोंड उघडलंसुद्धा. आणि मग मिटलं. दात घट्ट आवळून मिटलं. कारण विठ्ठलराव हाताखाली घेणार होते ते दादाला, तिला नव्हे. तिने फक्त दादाच्या पाठीत एक बोट खुपसलं.

"मोहाची दारू," आनंद म्हणाला.

नाना जिथे उभे होते तिथेच खिळले.

"घासलेट का नाही?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"उडत नाही. तापवलं तर काजळी धरतं. मोठ्या इंजिनाला वेगळी तापती खोली करता येईल, ह्या एवढ्याशाला जागा नाही. टर्पेंटाइन चिकटतं." आनंदने श्वास घेतला. आणि काय झालं कोण जाणे, तो बोलतच राहिला! बेंझोलीन किती चांगलं आणि किती घातक, कुठल्या हवेत किती कापूस, पाणी असलं तर काय होतं, ते अर्कासारखं कसं वेगळं काढलं. मॅट्रिकच्या परीक्षकांनी हा मुलगा ओळखलाच नसता.

"शाबास," विठ्ठलराव म्हणाले. "लोक माझ्याकडून यंत्रं नेतात आणि महिन्याने येऊन सांगतात, चालत नाही. आपल्या गावात मिळेल त्यातलं त्याला काय मानवेल, हे आधी कुणी बघत नाही. तू सोमवारी कल्याणला ये."

"पण विठ्ठलराव," नानांना आता कंठ फुटला. चेहरा तांबडालाल झाला होता. "दारू! माझ्या घरात! मी आत्ता देवळासमोर... आणि माझ्या चुलीवर भट्टी?"

"चूल माझी आहे," गोदाआत्या दारातून म्हणाली. "भट्टी मी लावली. पोरांना बोलायचं नाही, नाना. त्यांचं काम सुरळीत होतं. देवापुढे ठेवायची म्हणून मी बाटलीत गंगा घातली, म्हणून पुन्हा काढावी लागली."

"गंगा? कुठली गंगा?" नाना म्हणाले. त्या घरात गंगा एकाच ठिकाणी होती. "अक्का, तुझा गडू?"

आत्येने पदर नीट केला. "त्यात काय. मला अजून जायची घाई नाही."

इंजिन टपटपत होतं, मग अडखळलं, दोन ठोके चुकलं आणि थांबलं. कापूस सुकला होता.

"संपलं?" विठ्ठलराव लहान मुलासारखे हिरमुसले. "अहो, पुन्हा लावा ना! मला मोजायचे होते ठोके."

"मंदे, दिवा लांब ने आधी," आनंद म्हणाला. तिने पेटता दिवा उचलला आणि अंगणात तुळशीपलीकडे जाऊन उभी राहिली. आनंदचा एक हात डबीच्या झाकणावर, दुसऱ्यात गरम नळीची पकड. आत्या दारात. विठ्ठलराव पाहुणे. अर्काची बाटली होती नानांच्या पायाशी.

"नाना," आनंद म्हणाला, "ती बाटली..."

अंगणातून मंदाकिनीला सगळं दिसत होतं. नाना वाकले. उपरण्याचं टोक त्यांनी नाकाला लावलं. ज्या हाताने आयुष्यात असल्या बाटलीला कधी स्पर्श केला नव्हता, त्या हाताने बूच काढलं आणि बाटली डबीवर तिरकी धरली. धार बारीक, सरळ पडत होती. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"पुरे?" नानांनी उपरण्याआडून विचारलं.

"अजून थोडं, नाना," आनंद म्हणाला. "ओता."